तबल्याची तपासणी

मी उसाच्या नव्या वाणांवर संशोधन करतो आणि फावल्या वेळात पेटी वाजवतो असं कळलं की लोक हमखास विचारतात, "मग उसाला गाणं ऐकवलं तर तो जोमानं वाढतो का हो?" नोकरीच्या सुरुवातीला मी या प्रश्नाचं मन लावून उत्तर द्यायचो. पाणी, नत्र, ऊन, जमिनीचा निचरा, सगळं. हल्ली "ऊस बहिरा असतो" एवढंच सांगून मोकळा होतो. काही जण हसतात, काहींना ते पटतं. कुंडलला ज्यांच्या रानात आमचे चाचणीचे प्लॉट आहेत, त्या शेतकऱ्याने एकदा बांधावर ट्रॅक्टर उभा करून त्यातला टेप मोठ्याने लावून ठेवला होता. साहेबांना बरं वाटावं म्हणून. गाणं कसलं होतं ते सांगत नाही, पण ऊस बहिरा असलेला बरा.

उसाचं संशोधन हे फार संथ काम. दोन वाणांचा संकर करायचा, रोपं वाढवायची, त्यातली बहुतेक टाकून द्यायची, उरलेली पुन्हा लावायची, पुन्हा टाकायची. एक वाण शेतकऱ्याच्या हातात जाईपर्यंत शास्त्रज्ञाच्या डोक्याचा कापूस होतो. आपलं चुकलं हे कळायलासुद्धा वर्षं जातात. पेटीचं तसं नाही. चुकीच्या पट्टीवर बोट पडलं की त्याच क्षणी खोलीतल्या सगळ्यांना कळतं. आठवडाभर चूक की बरोबर हे न कळता काम केल्यावर रविवारी ताबडतोब चुकता येणं, यात मोठी विश्रांती आहे.

पेटी माझ्याकडे आली ती साताऱ्याकडच्या आमच्या गावातून. तिथे घरटी एक माणूस फौजेत असतो. आमच्या घरातून थोरला भाऊ गेला. मला लहानपणीच चष्मा लागला, त्यामुळे मी मागे राहिलो. मागे राहिलेल्याने काय करायचं, तर शाळा शिकायची आणि संध्याकाळी देवळात भजनाला बसायचं. भजनात पेटीवर बसणारा माणूस कामाला मुंबईला गेला आणि ती जागा माझ्याकडे आली, एवढीच माझ्या संगीतसाधनेची कथा. पुढे सांगलीला नोकरी लागल्यावर मी रीतसर शिकलो, पण बोटांना वळण लागलं ते देवळातच.

माझ्याबरोबर तबला वाजवणारा मित्र हळदीचा व्यापारी आहे. घराणं जैन, घर माधवनगरला, दुकान सांगलीच्या बाजारात. आमची गाठ आमच्या कॉलनीच्या गणपतीत पडली. ठरलेला तबलजी आला नाही आणि प्रेक्षकांतून हा पुढे आला. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मी त्याच्या घरी जातो. वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथे आम्ही वाजवतो. मग वहिनी पोहे आणतात. त्यात कांदा नसतो आणि मी दर रविवारी त्याबद्दल एकदा तरी कुरकुर करतो. मित्र म्हणतो, "कांदा खायाचा असंल तर दुसरा तबलजी बघ."

आम्ही फार मोठे वाजवणारे नव्हतो आणि नाही. लग्नाच्या आधीचं घरगुती गाणं, कुणाच्या वास्तुशांतीची संध्याकाळ, एवढीच आमची मजल. त्यामुळे गेल्या वर्षी साताऱ्याच्या एका संगीत मंडळाकडून रविवार दुपारच्या बैठकीचं बोलावणं आलं, तेव्हा आम्ही दोघंही जरा हवेत गेलो. कुणाच्या गाण्याला साथ करायची नव्हती. फक्त पेटी आणि तबला, ऐकायला येणारे सगळे कान असलेले लोक. शिवाय माझा भाऊ आता निवृत्त होऊन साताऱ्यातच राहतो. त्याने मला भजनाच्या पुढे काही वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. तो पहिल्या रांगेत बसणार हे त्याने फोनवर हुकूम सोडल्यासारखं सांगून टाकलं.

मी तयारीला लागलो आणि तिथे माझ्यातला शास्त्रज्ञ मध्ये आला. आमचा सराव मी मोबाईलवर टिपून घ्यायला लागलो. घरी येऊन ऐकायचो. दोन-तीन रविवारांनंतर एक गोष्ट खटकली. मी एखादी जलद तान घेऊन समेवर येतो, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, तिथे तबला लयीत मागे पडत होता. फार नाही. कान देऊन ऐकलं तरच कळावं इतका. पण एकदा कळल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना.

दुसरा कोणी असता तर मित्राला सांगून मोकळा झाला असता. मी ते रेकॉर्डिंग संगणकावर घेतलं आणि पुढचे काही महिने दर रविवारचं घेत राहिलो. त्यात आवाज रेघेसारखा दिसतो. तबल्याची थाप पडद्यावर खिळा ठोकल्यासारखी सरळ उभी राहते, त्यामुळे दोन थापांमधलं अंतर मोजायला सोपं. मी ते मोजलं, आलेख काढले. निष्कर्ष स्पष्ट होता. तान जितकी जलद, तितकी समेच्या आधीची शेवटची मात्रा लांबत होती आणि महिन्यागणिक जास्त लांबत होती. सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये जे जेमतेम जाणवत होतं, ते आता कुणालाही दिसलं असतं. हात जड होत चालल्याची ती खूण होती. मी थोडं वाचलं, तर वाचलेलं सगळं एकाच आजाराकडे बोट दाखवत होतं. मित्राचे वडील शेवटची काही वर्षं कंपवाताने अंथरुणाला खिळून होते, हे मला माहीत होतं. मी त्यांना बघितलं होतं.

बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते, आलेख तिला लगेच कळला. म्हणाली, "अहो, मग त्यांना सांगा ना सरळ." मी म्हटलं, सातारा होऊन जाऊ दे. ती म्हणाली, "तुम्हाला त्यांच्या हाताची काळजी आहे की साताऱ्याची?" मला राग आला, कारण मलाही ते नक्की सांगता आलं नसतं. त्याच आठवड्यात साताऱ्याच्या मंडळाच्या चिटणिसांनी सहज विचारलं की तबलजी इथला देऊ का, चांगला तयार माणूस आहे. मी "नको" म्हणायला हवं होतं. "कळवतो" म्हणालो.

पुढच्या रविवारी मी पोहे संपल्यावर विषय काढला. लॅपटॉप घेऊनच गेलो होतो. तुझा दोष नाही, असं सुरुवातीलाच तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगून मी त्याला आलेख दाखवला. तो चष्मा लावून बराच वेळ बघत बसला. मालाचा नमुना बघतो तसा, चेहऱ्यावर काही न दाखवता.

"म्हंजी माझा हात मागं पडतोय," तो म्हणाला.

"थोडासा. पण वेळेवर डॉक्टरला दाखवलेलं बरं. मी नाव काढून ठेवलंय, मेंदूचे चांगले डॉक्टर आहेत सांगलीतच."

तो रागावेल, हसण्यावारी नेईल, वडिलांची आठवण येऊन गप्प होईल, या सगळ्याची तयारी मी करून गेलो होतो. तो म्हणाला, "चल की. कवा जायाचं?"

इतक्या चटकन तयार झाला की मला जरा लागलंच. मला वाटलं, आतून त्यालाही भीती असणार. बिचारा.

दवाखान्यात मी त्याच्या नावाने केसपेपर काढला. आत गेल्यावर मीच बोलायला सुरुवात केली. डॉक्टर माझ्यापेक्षा बरेच तरुण, पण शांत. त्यांनी आलेख लक्ष देऊन पाहिले. मग विचारलं, "हे तबल्याचं झालं. पेटीचं मोजमाप कुठे आहे?"

"पेटीचं असं मोजता येत नाही," मी म्हणालो. "तिचा सूर हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो, ठोका नेमका कुठे पडला ते रेघेत दिसत नाही. म्हणून पेटी लयीत बरोबर आहे असं धरलंय आणि तबल्याच्या थापा त्या लयीशी ताडून पाहिल्या आहेत."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते नीट ऐकू आलं. आमच्या चाचण्यांमध्ये नव्या वाणांच्या शेजारी एक जुना, माहितीतला वाण लावतात. त्याला तुल्य वाण म्हणतात. नवे वाण सरस की निरस हे त्याच्याशी तुलना करून ठरतं. त्या तुल्य वाणाचं बेणंच रोगट निघालं तर सगळा प्लॉट खोटं बोलायला लागतो. म्हणून आधी तुल्य वाण तपासा, हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येक सहायकाला घसा कोरडा करून सांगतो.

मित्र तोवर खुर्चीत आरामात टेकून बसला होता. तो डॉक्टरांना म्हणाला, "डॉक्टर, पेपरावर नाव माझं हाय, पन मला काय झालेलं न्हाई. मी ह्याला घिऊन आलोय."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता आलाच आहात तर जरा दारापर्यंत चालून दाखवा," ते मला म्हणाले.

मी चाललो. माणूस स्वतःला चालताना बघत नाही. माझा डावा हात झुलत होता आणि उजवा अंगाला चिकटून राहिला होता, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. मग अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर भराभर आपटायला सांगितलं. डाव्या हाताने जमलं. उजव्याचं बोट चार-सहा वेळा नीट उघडलं आणि मग उघडायचंच कमी कमी होत गेलं. मी त्या बोटाकडे बघत होतो. ते माझं ऐकत होतं, पण नाइलाज असल्यासारखं. एक ओळ लिहायला सांगितली. अक्षर सुरुवातीला माझं होतं, शेवटाला मुंगीचं. मग त्यांनी विचारलं, वास येतो का नीट? मी "येतो की" म्हणणार तेवढ्यात मित्र म्हणाला, "यंदाच्या हळदीला वासच न्हाई, असं म्हनत हुता माझ्या दुकानात बसून. आन दुकान तर हळदीच्या वासानं भरलं हुतं."

आणखी तपासण्या झाल्या. निदान त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं. आजार बरा होत नाही, पण आवरता येतो. गोळ्यांनी हात मोकळा होईल. पेटी सोडू नका, उलट रोज वाजवा. मी शास्त्रज्ञासारखे प्रश्न विचारले, त्यांनी डॉक्टरासारखी उत्तरं दिली. सगळं कसं सभ्यपणे पार पडलं.

खाली आल्यावर मला राग आला. आजाराचा नाही, मित्राचा.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या साली नवी हळद बाजारात आली तवापास्नं. आमच्या आप्पांचं असंच सुरू झालं हुतं. आधी हात झुलायचा थांबला. मग सही बारीक झाली. बँकेनं चेक परत धाडला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू ऐकणार हुतास व्हय? तुला आकडं लागत्यात. माझ्याकडं कुठलं आकडं? परवा तूच आकडं घिऊन आलास, म्हनलं बरं झालं, आता येतोय दवाखान्यात."

"आणि ती शेवटची मात्रा?"

"ती व्हय?" तो गाडीचं दार उघडत म्हणाला. "तुजी तान पोचायला टाईम लागाय लागला. मग मी जरा दम धरायचो. समंवर दोघं मिळून आल्याबिगर काय मज्जा हाय त्यात."

म्हणजे जे मी महिनोन्‌महिने मोजत होतो ती त्याच्या हाताची गती नव्हतीच. माझी होती. ती त्याच्या तबल्यात उमटत होती इतकंच.

घरी बायकोला सांगितलं. तिने पहिल्यांदा आलेख मागून घेतला आणि पुन्हा बघितला, मग लॅपटॉप बंद करून माझ्या शेजारी येऊन बसली.  मी तिला एकच अट घातली: कुणाला सांगायचं नाही. ऑफिसात तर नाहीच, भावालाही नाही. लोक एकदा माणसाकडे पेशंट म्हणून बघायला लागले की त्याच्या उसाकडेही तसंच बघतात. मित्रालाही हेच बजावलं. तो म्हणाला, "तुजा आजार, तुजी मर्जी."

चिटणिसांना मी कळवलं की तबलजी आमचाच येईल. हे कळवायला इतके दिवस का लागले, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गोळ्यांनी फरक पडला. पूर्वीसारखं नाही, पण बोटं ऐकायला लागली. मी जलद ताना कमी केल्या, मधल्या लयीतलं काम वाढवलं. साताऱ्याला जाताना गाडीत मी मित्राला म्हटलं, "आज माझ्यासाठी थांबू नकोस. जे आहे ते लोकांना ऐकू दे." तो म्हणाला, "आवं शास्त्रज्ञ, ठोका मोजून वाजवायला तुज्या मोबाईलमधी मशीन हाय. ती घिऊन बस मग." वर चिडल्यासारखा गिअर बदलला.

बैठक एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सतरंजी, मागे फळा, फळ्यावर पुसायचा राहिलेला भूमितीचा त्रिकोण. भाऊ पहिल्या रांगेत ताठ बसला होता. आम्ही बरं वाजवलं असं मला वाटतं. एकदा भरात येऊन मी नको ती तान घेतली आणि ती अर्ध्यात येईपर्यंत बोटं जड झाली. मला कळलं आणि त्यालाही कळलं. शेवटच्या मात्रेवर त्याने नेहमीसारखा दम धरला, मी पोचलो, आणि आम्ही दोघं समेवर मिळून उतरलो. समोरून "वा" आली. मला मात्र त्या क्षणी त्याचा हात धरावासा वाटला. पेटी वाजवताना ते शक्य नसतं.

कार्यक्रम झाल्यावर चहा होता. मंडळाचे एक जुने सभासद, निवृत्त प्राध्यापक, आमच्यापाशी आले. ते गाण्यातले जाणकार म्हणून तिथे ओळखले जातात आणि आहेतही. मला म्हणाले, "पेटी सुरेख. बोलते तुमची पेटी." मग मित्राकडे वळून, वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "तबला मात्र जलद जागी थोडा मागे रेंगाळतो तुमचा. समेच्या आधी. लक्षात आलंय का तुमच्या?"

आजूबाजूला माणसं होती. भाऊ कप घेऊन उभा होता.

मित्र हसला. "व्हय की, सर. वय झालं आता. मनगाट ऱ्हायलं न्हाई पैल्यागत."

किती सहज म्हणाला. बाजारात एखाद्या पोत्यात खडे निघाले तर म्हणावं, व्हय, निघत्यात कधी कधी, तसं. प्राध्यापक समजुतीने मान हलवायला लागले. त्या जाणत्या लोकांच्या हॉलमध्ये माझ्या मित्राचं नाव आता कायमचं ढिल्या हाताचा तबलजी म्हणून लागणार होतं आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने लावून घेतलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही काही कळलं नसतं.

"त्यांचा हात चांगला आहे, सर," मी म्हणालो. आवाज जरा मोठा निघाला. "कंपवात मला झालाय. उजव्या हाताला. माझी बोटं मागे पडतात, म्हणून हे माझ्यासाठी थांबतात. तुम्ही जे ऐकलंत ते माझं होतं."

 कुणीतरी बशी खाली ठेवली. भावाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि व्यासपीठावर जाऊन माझी पेटी उचलली. मी नको नको म्हणत मागे गेलो, पण त्याने ती थेट गाडीत नेऊन ठेवली, डिकी लावली आणि दोन वेळा ओढून बघितली. मग म्हणाला, "पोचल्यावर फोन कर." एवढंच.

परतीच्या वाटेवर कराड मागे पडलं तरी मित्राच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. सूर्यास्तानंतर तो जेवत नाही; दिवस मावळायच्या आत त्याला घरी पोचून जेवायचं होतं, म्हणून तो भरधाव चालवत होता. मी म्हटलं, "रागावलास?"

"मग न्हाई तर काय?" तो म्हणाला. "इतक्या वर्षांत पैल्यांदा पेटी सोडून कुणाचंतरी लक्ष माज्या तबल्याकडं गेलं हुतं. चुकतोय म्हनाला, का असंना, पन ऐकत तर हुता गड्या. तेबी तू खाल्लंस."

मला हसू फुटलं. आवरेना. खिडकीकडे तोंड करून मी हसत राहिलो आणि कुठल्या वळणावर त्या हसण्याचं रडं झालं ते मलाच कळलं नाही. दवाखान्यात आलं नव्हतं, बायकोसमोर आलं नव्हतं, ते सगळं तिथे आलं. मित्राने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दिवस पार कलला तरी तो मोबाईलवर हळदीचे भाव बघत बसला.